तुमची ओंजळ, माझी चिमूट

वहिनी,

तांबडीच्या तोंडात काल पुन्हा हाड दिसलं.

संध्याकाळी गुरं माळावरून परतली तेव्हा ती सगळ्यांच्या मागे होती. गुराखी किसन लांबूनच हात करून काही सांगत होता, पण मला आधी आवाज ऐकू आला, वाळलेल्या फांदीवर करवत फिरावी तसा. मान तिरकी करून, लाळ गाळत, डोळे अर्धे मिटून ती चघळत होती. मी जबड्यात बोटं घालून तुकडा बाहेर काढला. उन्हानं पांढरी पडलेली, कुठल्यातरी बैलाची फासळी. तांबडीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या पुढचं ताटच ओढून घेतलं.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक येतात, बसतात, तुमच्याबद्दल चार शब्द चांगले बोलतात, चहा घेऊन उठतात. कुणी खोटं बोलत नाही, पण ते जिचं वर्णन करतात ती बाई मला ओळखीची वाटत नाही. सोशिक होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, असं परवा एकजण म्हणाला. मी मान खाली घातली, कारण हसू आलं होतं. दादा गेल्यापासून तुमच्या आणि माझ्या घरात एक कूड आणि एक गोठा सामाईक, आणि त्या गोठ्यात तुम्ही मला एकही संध्याकाळ उलटून बोलल्याशिवाय सोडलं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. कालच्या त्या हाडानं ते पुन्हा दारात आणून उभं केलं. त्यात आता मला एकट्यालाच निर्णय घ्यायचा आहे, आणि तुम्हाला न सांगता तो घ्यायची माझी तयारी नाही. म्हणून लिहितो आहे.

पहिल्यांदा तिनं हाड चघळलं ते दुष्काळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. किसन दारात येऊन मोठ्यानं म्हणाला होता, "वहिनी, तुमची गाय हाडं खाऊन राह्यली!"

"हळू बोल की मुडद्या," तुम्ही आतून आलात, "साऱ्या गल्लीला सांगतो का?"

पण गल्लीला कळलंच. तांबडी आटत आली होती, तरी नैवेद्यापुरतं दूध द्यायची; ते नेणाऱ्या बायका दुसऱ्या दारी जायला लागल्या. कुणी म्हणे गाईला बाहेरचं लागलं, कुणी म्हणे ही गाय घराला चांगली नाही. तुम्ही कुणाशी वाद घातला नाही. सुतळी घेऊन बसलात आणि उभ्या पिकात कोळपणीला जुंपलेल्या बैलाला बांधतात तसं एक मुसकं विणलंत. सकाळी तांबडीच्या तोंडाला ते बांधून तिला कळपात सोडलं.

"माळावर गेल्यावर काढ अन् परत येताना बांध," तुम्ही किसनला बजावलंत.

"माळावरच तर हाडं हायेत. मंग काढू कुठं?"

"मला काय इचारतो? गुराखी तू का मी?"

किसननं सोपा मार्ग धरला. त्यानं ते काढलंच नाही. गाय सकाळी तोंड बांधून चरायला जायची आणि संध्याकाळी तोंड बांधून घरी यायची. अब्रूपायी आपण चरायला जाणाऱ्या गाईचं तोंड शिवलं होतं. रात्रीच्या कडब्यावर ती काय ती जगत होती.

ते माझ्या ध्यानात आलं ते माझ्या सुतळीमुळे. गुरांच्या छातीचा घेर सुतळीनं मोजून गाठ मारून ठेवायची माझी सवय तुम्हाला ठाऊक. तुम्ही केवढी टिंगल करायच्या त्याची! मी सुतळी घेऊन गोठ्यात शिरलो की तुम्ही सुमनला हाक मारून सांगायच्या, "अगं जाऊबाई, शिंपी आले. तांबडीला चोळी शिवायची हाय, कापड काढ." त्या दिवशी मात्र गाठ चार बोटं मागे सरकली होती. मी तुम्हाला दाखवलं. मी म्हणालो, "वहिनी, गाय गाभण आहे, चरायला पाठवता आणि तोंड बांधता. हा उपास कुणाचा?"

तुम्ही त्या गाठीवरून बोट फिरवलंत. मग मुसकं सोडलंत आणि चुलीत घातलंत. चूक कळली की ती तिथल्या तिथे जाळून टाकायची तुमची ही रीत मला फार आवडायची. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

माळावर इतकी हाडं का, हाही प्रश्न तेव्हाच निघाला होता. पूर्वी मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आपण ज्यांच्यावर टाकलं होतं, त्या घरांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि ते काम टाकून दिलं. गावानं वर्षानुवर्षं नुसती कुरकुर केली, दुसरी सोय केली नाही. जनावर मेलं की गाडीला बांधून माळाच्या कडेला ओढायचं आणि सोडून यायचं. तुम्ही मात्र पारावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होतात, "त्यांनी सोडलं ते बराबर केलं. ज्याचं जनावर त्यानं पुरावं." आणि आपला म्हातारा पांढऱ्या बैल गेला तेव्हा स्वतः बांधावर उभं राहून मला आणि तुमच्या अंकुशला खड्डा खणायला लावलंत. अंकुश तेव्हा जालन्याहून दोन दिवसांसाठी आला होता. हाताला फोड आले म्हणून कुरकुरला, तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या बापाची अवतं ओढली त्यानं. फोड येऊ दे."

मी अंबडला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं येऊन सांगितलं होतं. माळावरच्या वाळल्या गवतानं पोट भरतं, अंग भरत नाही. पोटातलं वासरू आपली हाडं आईच्या हाडांतून घेतं. आईच्या अंगातले क्षार कमी पडले की ती ते दिसेल तिथे शोधते. म्हणजे तांबडीला काही लागलं नव्हतं आणि ती खुळीही नव्हती. ती शोधत होती ते बरोबर होतं, पण शोधत होती ती जागा वाईट. जुन्या हाडाला चिकटलेल्या सडक्या मांसाचं विष पोटात गेलं तर जनावर लुळं पडून मरतं, असंही ते म्हणाले. अंगासाठी पेंड द्या, एवढातेवढा का होईना रोज हिरवा घास द्या, नाहीतर वासरू आंधळं-दुबळं निपजतं. आणि ही पावडर, रोज एक चिमूट. चार बोटांची भरघोस चिमूट.

पावडरीत काय आहे, हे मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवत नाही. मीठ, चुना, थोडं लोखंड, थोडं तांबं, आणि उकळून शुद्ध केलेला हाडांचा चुरा.

एस.टी.त डबा मांडीवर घेऊन मी तीर्थपुरीपर्यंत विचार करत होतो. घरी आल्यावर सुमनला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "सांगायची गरजच काय? पांढरी पावडर हाय. चुना म्हणा अन् द्या कालवून." खरं सांगतो, ते सोपं होतं. पण तुमच्या गाईच्या तोंडात तुम्हाला फसवून काही घालायचं, आणि रोज संध्याकाळी तुमच्यासमोर बसून चहा प्यायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

तुम्ही डबा हातात घेऊन विचारलंत, "काय हाय हे?"

"क्षार."

"कशाचे?"

"मीठ, चुना आणि हाडांचा चुरा."

तुम्ही डबा उंबऱ्याबाहेर ठेवलात, रांजणाशी जाऊन हात धुतलेत, पदराला पुसलेत आणि मग माझ्याकडे वळलात. "भावजी, तिनं माळावर खाल्लं, ते मुकं जनावर हाय. मी दावणीला बांधून माझ्या हातानं तिला हाड चारू?"

"ती मागते आहे, वहिनी."

"लेकरू माती मागतं. देता का?"

"लेकराच्या अंगात काहीतरी कमी असतं, म्हणून ते माती मागतं."

"मंग त्याला माती देता, का जेवू घालता?"

त्या प्रश्नावर मी आजही अडतो. तुम्ही चहा गाळलात आणि वर म्हणालात, "शिकल्या माणसाला गप करायचं म्हणजे पाणी तापवायला लागतं का? घ्या, चहा घ्या." डबा मी माझ्या घरी नेऊन कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिला जेवू घालायला लागलात. आपल्याकडे भिजवल्या पेंडीचं आंबोण मिळतं ते दुभत्या गाईला आणि कामाच्या बैलाला. चरायला जाणाऱ्या, दूध न देणाऱ्या गाईला कुणी घमेलं भरून पेंड भिजवत नाही. मीच परतूरहून सरकीच्या पेंडीचं पोतं आणत होतो, तरी मलाही आधी ते खटकलं. तुम्ही आपल्या घरचा गव्हाचा कोंडा चाळून ठेवायला लागलात, मग गल्लीतल्या बायकांकडून मागून आणायला लागलात. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "भाकड गाईला आंबोण? उद्या कोंबडीला दूध पाजशील." तुम्ही म्हणालात, "पाजीन. अंडं तुमच्या घरी धाडीन. कोंडा तेवढा द्या." बाभळीच्या शेंगा, खडेमीठ, आणि विहिरीच्या पाटाकडेला लावलेल्या लसूणघासाची रोज एक पेंढी. डॉक्टरांचं सगळं ऐकलंत, चिमूट सोडून.

पण तुमचं माप! रोज पेंड ओंजळीनं. कधी शीग लावलेली, कधी बोटांतून गळालेली. मी म्हणालो, "रोज सारखं गेलं नाही तर गुण आला की नाही हे कसं कळणार? मापट्यानं घाला."

"गाय रोज सारखी असती का?"

"म्हणजे?"

"काल माळावर काही घावलं न्हाई, आज थोडं घावलं. काल बरगड्या दिसून राह्यल्या होत्या, आज कमी दिसतात. तुमच्या मापट्याला बरगड्या दिसतात का?"

तरी मी हट्ट सोडला नाही. एका दुपारी तुम्हाला बसवून तुमची ओंजळ पुन्हा पुन्हा मापट्यात ओतायला लावली. मध्यम ओंजळ कुठवर येते ते बघून आतल्या बाजूला खिळ्यानं रेघ ओढली. तुम्ही हात झटकून उठलात आणि म्हणालात, "झालं का समाधान? आता माझ्या हाताची गरज न्हाई."

ते वाक्य तुम्ही सहज बोललात. हल्ली मापटं उचललं की ते कानात येतं.

तांबडी सुधारली, यात वाद नाही. केसांना चमक आली, सुतळीची गाठ पुढे सरकली. हाडांकडे वळणं कमी झालं. रोज तुम्ही विचारायच्या, "सोडलं का न्हाई तिनं?" आणि मी म्हणायचो, "कमी केलं. सोडलं नाही." तुम्ही म्हणायच्या, "तुमच्या तोंडून चांगलं निघायचं म्हणजे गाईला इंग्रजी यावं लागंल."

मग ती व्याली. कालवड झाली, अगदी आईसारखी तांबूस. पण पुढचे पाय तिला धरेनात. गोणपाट पोटाखाली घालून तुम्ही तिला उभं करत होता, मी दुसरं टोक धरलं होतं. ती उभी राहायची आणि बसायची. आचळ तोंडात देऊन तुम्ही तिला पाजलंत, रात्री आपल्या सतरंजीवर घेतलंत. ती जगली नाही. तिला बांधावर पांढऱ्याशेजारी पुरली. परतताना तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मी काही बोललो नाही.

त्या नजरेचं उत्तर आज देतो. वहिनी, चिमूटभर पावडरीनं ती वाचली असती, असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो, आजही म्हणत नाही. एका वासरावरून हिशेब निघत नाही. दुष्काळातून निघालेली गाय, त्यात ते मुसकं, त्यात वाळलेला माळ. कशानं काय झालं ते मला वेगळं काढता येत नाही. आणि तुमच्या पेंडीनं आई वाचली, हेही तितकंच खरं असेल. मी गप्प बसलो ते तुम्हाला दोष द्यायचा म्हणून नव्हे. मला खरंच ठाऊक नव्हतं. हे तेव्हाच बोललो असतो तर तुम्ही इतकी वर्षं ते मनात घेऊन वावरला नसतात. वावरत होता, हे सुमननं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षांत ती दोनदा फळवली, पण उलटली, गर्भ राहिला नाही. आता पुन्हा गाभण आहे आणि पावसाच्या तोंडाला व्यायची आहे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा पेंड भिजवायचं काम सुमन करत होती आणि तुम्ही खाटेवरून आवाज देत होता, "शीग लाव गं, बरगड्या बघ." शेवटी शेवटी मी जवळ बसलो होतो तेव्हा म्हणालात, "भावजी, तांबडीला काय लागतं ते द्या."

मी विचारलं, "काहीही?"

तुम्ही डोळे मिटलेत. तो होकार होता की थकवा, मला कळलं नाही. तो मी होकार धरणार नाही. दुखण्यात पडलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांचा फायदा घेण्याइतका मी हुशार नाही.

मग सुतकाचे दिवस आले. घर पाहुण्यांनी भरलं, घमेलं भांड्यांच्या ढिगात गेलं, आंबोण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तांबडी सकाळी कळपाबरोबर जायची आणि रिकामी यायची. तेराव्यानंतर अंकुश म्हणाला, "काका, अंबडच्या बाजाराला काढू तिला. म्हातारी झाली, एक वासरू गेलं, हाडं खाते. मी जालन्याला, तुम्ही किती दिवस बघणार?" पोरगा वाईट नाही. मोकळं व्हायचं आहे त्याला, आणि गोठ्यात जाताना त्याचा चेहरा बघितला म्हणजे कशापासून ते कळतं. मी त्याला सांगितलं, "वासरू पायावर उभं राहीपर्यंत ती इथून हलणार नाही. नंतर तू आणि मी बोलू." तो म्हणाला, "आईसारखं बोलून राह्यले तुम्ही." मी म्हणालो, "कुणीतरी बोललं पाहिजे."

आज सकाळी कोनाड्यातला डबा उघडला. पावडरीचं ढेकूळ झालं होतं. म्हणून अंबडला गेलो. आधी डॉक्टरांना विचारलं, हाडाशिवाय बनवलेली मिळते का? ते म्हणाले, दगडातून काढलेल्या क्षारांची निघते, पण इथे येत नाही. औरंगाबादला सांगून बघतो. मी म्हणालो, सांगा, आली की मी तीच नेईन. पण कधी येईल ते त्यांना सांगता आलं नाही, आणि पाऊस माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणून हाडांच्या चुऱ्याचीच घेऊन आलो.

मी ती तिला देणार आहे, वहिनी.

"माझ्या हातानं" असं तुम्ही म्हणाला होतात. हात आता माझा आहे, असा मुद्दा मी काढू शकतो. एस.टी.त काढलाही. पण तो वकिली मुद्दा आहे. तुम्हाला तो पटला नसता आणि मलाही पटत नाही. तुम्हाला हाडच नको होतं, हात कुणाचाही असो. तेव्हा सरळ सांगतो, हे तुमच्या मनाविरुद्ध आहे. त्यात काही पाप असेल तर ते मला लागू द्या. सुमनला मी चिमटीला हात लावू देणार नाही. वासरू उभं राहिलं तर ते पावडरीनं उभं राहिलं, असं मी कुणाला सांगणार नाही, कारण पेंडही चालू असेल आणि घासही. आपल्या दोघांत बरोबर कोण, हे या वेळीही कळायचं नाही. दोन गाई असत्या तर एकीला हे आणि एकीला ते देऊन बघितलं असतं. गाय एकच आहे. मला हिशेबापेक्षा ती आणि तिचं वासरू हवं आहे. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायला तुम्ही काय दिलं असतं, ते मला ठाऊक आहे.

पेंड दुपारी भिजत घातली आहे. मापट्यात तुमच्या रेघेपर्यंत भरली, मग सकाळी तिला सोडताना दिसलेल्या बरगड्या आठवल्या, म्हणून वर थोडी शीग लावली. कोपऱ्यावरच्या काकूंनी न मागता कोंडा पाठवला आहे. किसनला सांगितलं आहे की उद्यापासून कळप माळाच्या वरच्या अंगाला न्यायचा, आणि खालची हाडं गोळा करून पुरायला मी आणि अंकुश येतोय. अंकुशनं एक दिवस रजा वाढवली. फोड येतील म्हणाला.

आता गुरं यायची वेळ झाली. तांबडी आली की तिच्यापुढे आधी तुमची ओंजळ, मग तिच्यावर माझी चिमूट. तुम्ही असतात तर तोंडाला पदर लावून पाठ फिरवून उभ्या राहिला असतात. पण तिनं घमेलं चाटून पुसून संपवेपर्यंत तिथून हलला नसतात.